रात्री एलपीएन, वीकेंडला आरएनची स्टुडंट: माझ्या ब्रिज कोर्सचा रिव्ह्यू

डिसेंबरमध्ये कोर्स संपला, फेब्रुवारीत एनक्लेक्स (नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा) पास झाले आणि आता स्टेटच्या नर्सिंग बोर्डाच्या साइटवर माझ्या नावापुढे आरएन दिसतंय, म्हणून आता जरा शांतपणे लिहायला बसलेय. मी कोर्स शोधत होते तेव्हा मराठीत कुणी काही लिहिलेलं सापडलंच नाही, आणि इंग्रजीत जे होतं ते एकतर कॉलेजची जाहिरात नाहीतर कुणीतरी नापास झाल्यावर रागात लिहिलेलं. मला एवढंच हवं होतं की जी बाई आठवड्याला छत्तीस तास एलपीएन म्हणून काम करतेय, घरी शाळेत जाणारी मुलगी आहे, तिला हा कोर्स झेपतो का, आणि झेपला तर त्यातून नेमकं मिळतं काय. ते सांगते.

कॉलेजचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत. अमेरिकेत मिडवेस्टमधलं एक कम्युनिटी कॉलेज, एलपीएन टू आरएन ब्रिज, संध्याकाळ आणि वीकेंडची बॅच, उन्हाळा धरून चार सेमिस्टर म्हणजे सतरा महिने. शेवटी असोसिएट डिग्री (बॅचलरच्या खालची) मिळते आणि एनक्लेक्स-आरएनला बसता येतं.

इथे नवीन असणाऱ्यांसाठी थोडक्यात. एलपीएन म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, साधारण वर्षभराचा कोर्स, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात यालाच एलव्हीएन म्हणतात. आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स. आपल्याकडे एएनएम आणि जीएनएममध्ये फरक असतो तसंच काहीसं, पण अगदी तेच नाही. पगाराचा फरक मोठा आहे, मे २०२४ च्या सरकारी आकड्यांत आरएनचा मिडियन वर्षाला ९३,६०० डॉलर आणि एलपीएनचा ६२,३४०. पण खरं सांगते, मी फक्त पैशासाठी नाही गेले.

मी नर्सिंग होममध्ये नाइट करायचे. संध्याकाळी सात ते सकाळी सात. एका हॉलचे अठ्ठावीस रहिवासी, दोन सीएनए (नर्सिंग असिस्टंट) आणि मी. आधी नार्क काउंट, म्हणजे नार्कोटिक गोळ्यांची मोजणी, मग मेड कार्ट घेऊन एकेका खोलीत, कुणाच्या गोळ्या कुटून ॲपलसॉसमध्ये, कुणाचं इन्सुलिन, कुणाचं ड्रेसिंग, मग चार्टिंग, मग पहाटेच्या गोळ्या. केंद्र सरकारचा नियम असा आहे की नर्सिंग होममध्ये आरएन दिवसाचे सलग आठ तास तरी पाहिजे, बाकी वेळ लायसन्स्ड नर्स असली तरी चालते. म्हणजे रात्री बऱ्याचदा बिल्डिंगमध्ये आरएन नसतेच, फोनवर असते. आणि आमच्याकडे डॉक्टरला फोन करायच्या आधी जो फॉर्म भरायचा त्यावर एका रकान्यात चक्क छापलेलं होतं, आरएन असेल तर ॲसेसमेंट, एलपीएन असेल तर अपिअरन्स. म्हणजे तुम्हाला जे दिसतंय ते लिहा, त्याचा अर्थ काय ते आरएन बघेल. पहाटे तीन वाजता तो फॉर्म हातात असायचा, समोर माणूस बिघडत चाललेला दिसायचा, काहीतरी चुकतंय हे कळायचं पण काय चुकतंय ते सांगायला शब्द नसायचे. त्या रकान्यासाठी मी हा कोर्स केला असं म्हटलं तरी चालेल.

आता कोर्सकडे. ब्रिजमध्ये पहिल्या सेमिस्टरचं फंडामेंटल्स माफ होतं कारण तुमचं एलपीएनचं लायसन्स आहे, त्या बदल्यात एक ट्रान्झिशन नावाचा विषय असतो. मला वाटलेलं की हा नुसता भरीला घातलेला विषय असणार, निबंधाचा एपीए फॉरमॅट, नर्सिंगचा इतिहास वगैरे. तसं काही निघालं नाही. पहिल्याच दिवशी मॅडमनी चार पेशंट फळ्यावर लिहिले आणि विचारलं आधी कुणाकडे जाणार. एक सीओपीडीचा (फुप्फुसाचा जुना आजार), ऑक्सिजन ८९. एक डायबेटिक, जेवणाआधी शुगर २१०. एकाला दुखतंय, दहापैकी सहा, गोळीची वेळ झालीय. आणि एक काल ऑपरेशन झालेला, तासाभरापासून अस्वस्थ आहे, सारखा गादीवर कूस बदलतोय, बाकी काही नोंद नाही. वर्गात आम्ही सगळे काम करणारे एलपीएन. कुणी वर्षाची कुणी पंधरा वर्षांची. जवळपास सगळ्यांनी एकतर ८९ वाला निवडला नाहीतर गोळीवाला. उत्तर होतं तो अस्वस्थ माणूस. सीओपीडीवाल्यात ८८ ते ९२ बरेचदा ठरवून ठेवलेलंच असतं, शुगर २१० वर आत्ता कुणी मरत नाही, दुखणं खरं आहे पण थांबू शकतं. ऑपरेशननंतर नव्यानं आलेली अस्वस्थता मात्र ऑक्सिजन कमी पडत असल्याची किंवा आत कुठे रक्त जात असल्याची पहिली खूण असू शकते, आकडे बिघडायच्या आधीची. आम्ही आकडा आणि घड्याळ बघितलं कारण आमची नोकरी आकड्यावर आणि घड्याळावर चालते. माणसात काय बदललं ते बघितलंच नाही.

मला त्या दिवशी गाडीत बसून रडू आलं होतं, कारण मला आठवायला लागलं की असे अस्वस्थ किती जण मी पीआरएन (लागेल तेव्हा द्यायचं औषध) देऊन झोपवले असतील.

तर हे या कोर्सचं खरं काम आहे आणि ते त्यांनी चांगलं केलं. अनुभवाचा फायदा होतो हे सगळेच सांगतात, होतोच, हात थरथरत नाही, पेशंटशी बोलायला लाज वाटत नाही, कॅथेटर टाकायला कुणी शिकवावं लागत नाही. पण परीक्षेत तोच अनुभव आडवा येतो. प्रश्न वाचला की मन म्हणतं आमच्याकडे असं करतात, आणि आमच्याकडे जे करतात ते तीन माणसांच्या स्टाफमध्ये अठ्ठावीस जणांचं कसंबसं उरकणं असतं. एनक्लेक्सच्या प्रश्नात तुमच्यासमोर एकच पेशंट असतो, हातात सगळं सामान असतं आणि वेळ असतो. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त अनुभव असलेल्या दोघींना पहिल्या सेमिस्टरला सगळ्यात जास्त त्रास झाला आणि दोघीही हुशार होत्या. त्यातली एक नंतर वर्गात पहिली आली, तिनं मला सांगितलं की मी आता प्रश्न वाचताना कामावरचं सगळं बाहेर चपलांसारखं काढून ठेवते.

मेड-सर्ज (मेडिकल-सर्जिकल नर्सिंग) शिकवणाऱ्या मॅडम आधी वीसेक वर्षं आयसीयूत होत्या. त्यांची पद्धत एकच, उत्तर बरोबर असलं तरी विचारायच्या, का? मग त्या उत्तरावर पुन्हा का? लॅसिक्स का? पाणी काढायला. मग पोटॅशियम का बघितलंस? ते लघवीतून जातं म्हणून. मग डिजॉक्सिन (हृदयाचं औषध) चालू असेल तर अजून काळजी का? मी डिजॉक्सिनच्या आधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, साठच्या खाली असेल तर द्यायचं नाही, हे मला झोपेत पण पाठ होतं. पण पोटॅशियम कमी झालं की डिजॉक्सिनचं विष चढतं, म्हणून लॅसिक्स आणि डिजॉक्सिन एकत्र असलेल्या आजीनं जेवण टाकलं, मळमळ म्हणाली, सगळं पिवळट दिसतंय म्हणाली तर ती कुरकुर समजायची नाही, हे मला त्या वर्गात कळलं. एलपीएनच्या कोर्समध्ये पण ओझरतं झालं असणार. पण तेव्हा ते पाठांतर होतं.

डोसेजची परीक्षा दर सेमिस्टरला, नव्वद टक्के पाहिजेत, दोनच चान्स, नाहीतर क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रॅक्टिकलला, जाता येत नाही. नर्सिंग होममधून येणाऱ्यांना ड्रिपची गणितं नवीन असतात कारण आम्ही हेपरिनचं (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) ड्रिप कधी लावलेलंच नसतं. एक उदाहरण देते म्हणजे अंदाज येईल. वजन १७६ पाउंड, ऑर्डर ताशी किलोला १८ युनिट, पिशवीत २५० एमएलमध्ये २५,००० युनिट. आधी किलो करा, १७६ भागिले २.२, म्हणजे ८०. ८० गुणिले १८ म्हणजे तासाला १,४४० युनिट. एका एमएलमध्ये १०० युनिट. म्हणजे पंप १४.४ वर. गणित अवघड नाहीच, सातवीतलं आहे, पण नाइट करून आल्यावर त्या २.२ ला गुणायचं की भागायचं इथे लोक अडकतात आणि वजन जवळजवळ पाचपट धरून बसतात. मी एक वही केली होती, त्यात रोज पाच गणितं, रात्री साडेतीन वाजता हॉल शांत असला की ब्रेकमध्ये. बाकी काही केलं नाही तरी चालेल पण ही सवय पहिल्या आठवड्यापासून लावा.

आता दोन टोप्यांबद्दल, कारण यात मी स्वतः चुकले. कामावर मी लायसन्स असलेली एलपीएन. क्लिनिकलला मी स्टुडंट, तिथे माझं लायसन्स खिशात. दुसऱ्या सेमिस्टरला हॉस्पिटलमध्ये माझ्या पेशंटचं इन्सुलिन द्यायचं होतं, फ्लोअरवरच्या नर्सनं मला व्हायल दिली, तिला माहीत होतं मी एलपीएन आहे, मी डोस काढला, तिनं तपासला, मी दिलं. रोज रात्री नऊ जणांना देते, माझ्या डोक्यात सुद्धा आलं नाही. पण नियम असा की औषध देताना आमची इन्स्ट्रक्टर शेजारी उभी पाहिजे. ती दारातून आत आली तेव्हा मी सुई टाकत होते. लेखी वॉर्निंग मिळाली, आणि ती बरोबर होती. पेशंटला काही झालं नाही, डोस बरोबर होता, तरी सुद्धा. त्या दिवशी मी त्या हॉस्पिटलमध्ये कुणाच्या जबाबदारीवर उभी होते हे मी विसरले होते.

आणि उलट्या बाजूनं पण तेच. शनिवारी आयव्ही पुश (सिरिंजनं थेट शिरेत औषध देणं) शिकून आलात म्हणून सोमवारी नोकरीवर करायचं नाही, तुमच्या स्टेटमध्ये एलपीएनला परवानगी नसेल तर नाही. प्रत्येक स्टेटचा नर्स प्रॅक्टिस ॲक्ट वेगळा आहे, कुठे एलपीएनला आयव्हीचं बरंच काही करता येतं, कुठे वेगळं सर्टिफिकेट लागतं. कामावरचे लोक म्हणतात अगं तू आता जवळजवळ आरएनच आहेस, हे एवढं करून टाक. नाही करायचं. जवळजवळ आरएन असं लायसन्स नसतं.

मग शिकलेलं कामावर वापरायचं कसं? याचं उत्तर मला तिसऱ्या सेमिस्टरला मिळालं. एका रात्री आमच्या हॉलवरच्या एका आजी, रोज मला माझ्या मुलीबद्दल विचारणाऱ्या, त्या दिवशी मला ओळखेनात. सीएनए म्हणाली झोपमोड झालीय म्हणून असेल. कॅथेटर होता. मी व्हायटल्स घेतले, ताप १००.९, नाडी ११२, श्वास २४, बीपी ९८ वर ५४, रोज १३० च्या आसपास असायचं. एकेक आकडा सुटा धरला तर कुणी घाबरणार नाही असा. दोन वर्षांपूर्वीची मी असते तर गोंधळलेल्या आहेत, थोडा ताप आहे असं लिहून टायलेनॉल दिली असती आणि सकाळी डॉक्टरला कळवलं असतं. पण दोन आठवड्यांपूर्वीच वर्गात सेप्सिस झालं होतं. मी ऑन-कॉल आरएनला फोन लावला आणि सगळं एका दमात क्रमानं सांगितलं, काय बदललं, कधीपासून, आधी कसं होतं, कॅथेटर किती दिवसांचा आहे, आकडे, आणि शेवटी म्हटलं मला इन्फेक्शन रक्तात पसरल्याची काळजी वाटतेय, तुम्ही लगेच बघाल का डॉक्टरना फोन करू. निदान मी केलं नाही, ते माझं काम नव्हतं. दिसलं तेच सांगितलं, पण आता कुठलं दिसणं कुठल्या दिसण्याशी जोडायचं ते कळत होतं. वीस मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली. आजी नऊ दिवसांनी परत आल्या आणि आल्या आल्या विचारलं, मुलीचा दात पडला का?

त्या रात्री मी अजून एलपीएनच होते, फॉर्मवर अपिअरन्सच्याच रकान्यात लिहिलं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की या कोर्सचे पैसे आरएन झाल्यावर नाही, मधेच वसूल व्हायला लागतात.

आता तक्रारी. शेड्यूल हा या कॉलेजचा सगळ्यात कच्चा भाग. काम करणाऱ्यांसाठी बॅच म्हणून जाहिरात करतात पण क्लिनिकल कुठे आणि कुठल्या दिवशी हे सेमिस्टर सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी सांगतात, आणि नर्सिंग होमचं शेड्यूल सहा आठवडे आधी लागतं. एकदा साइट पन्नास मैल लांब मिळाली, पावणेसातला हजर, म्हणजे बर्फात पाचला घरातून निघायचं. त्यात नियम आहे की क्लिनिकलच्या आधी आठ तास कामावर नसलं पाहिजे. नियम योग्यच आहे, झोप न झालेल्या माणसानं पेशंटला हात लावू नये, पण त्याचा अर्थ शुक्रवारची नाइट गेली, आणि आमच्याकडे वीकेंड डिफरन्शियल (वीकेंडचा जादा पगार) शुक्रवार रात्रीपासून मिळायचा, तो पण गेला. हे ॲडमिशनच्या वेळी कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं.

ओबीची (बाळंतपण विभागाची) क्लिनिकल अगदीच निराशा. छोटं हॉस्पिटल, आमच्या सहा दिवसांत मी एकच डिलिव्हरी बघितली, ती पण दारातून. उरलेले तास सिम्युलेशन लॅबमध्ये काढले. लॅबबद्दल तक्रार नाही, २०१४ साली एनसीएसबीएनचा (स्टेटच्या नर्सिंग बोर्डांची राष्ट्रीय संघटना) मोठा अभ्यास झालाय की चांगल्या प्रतीचं सिम्युलेशन असेल तर निम्म्यापर्यंत क्लिनिकल तास त्यात केले तरी शिकण्यात फरक पडत नाही, आणि आमची लॅब खरंच चांगली होती, पुतळ्याचं बीपी पडतं, तो बोलतो, बाळंतपणानंतरचं रक्त जाणं दाखवतो. पण बाळाचा पहिला आवाज पुतळ्यातून ऐकायचा म्हणजे कसंतरीच वाटतं. सायकियाट्री ठीक, पीड्स (लहान मुलांचा विभाग) ठीक, त्यात सांगण्यासारखं नाही.

मार्कांची पद्धत कडक आहे. ७८ च्या खाली नापास, राउंडिंग नाही, ७७.९ म्हणजे नापास. आम्ही चोवीस जण सुरू केलेलं, सतरा जण संपलो. गेलेल्या सातांपैकी किमान चौघी अभ्यासामुळे नाही तर शिफ्टमुळे गेल्या हे मी डोळ्यांनी बघितलंय. एकीच्या मॅनेजरनं आयत्या वेळी शनिवार द्यायला नकार दिला, दुसरीनं पूर्ण वेळ नोकरी सोडायची हिंमत केली नाही कारण इन्शुरन्स जाईल. हा मुद्दा नीट समजून घ्या, आठवड्याला सरासरी तीस तासांच्या खाली आलात की बहुतेक ठिकाणी तुम्ही फुल टाइम धरले जात नाही आणि मालकानं इन्शुरन्स द्यायलाच पाहिजे असं राहत नाही. मी छत्तीसवरून चोवीसवर आले ते माझं नवऱ्याच्या इन्शुरन्सवर भागलं म्हणून. ज्या एकट्या कमावतात त्यांच्यासाठी हा कोर्स माझ्याहून दुप्पट अवघड आहे आणि त्यांनी केला तर माझ्याहून दुप्पट कौतुक त्यांचं.

पैशाचं बोलायचं तर फी, पुस्तकं, युनिफॉर्म, लॅबची फी, ऑनलाइन टेस्टचं पॅकेज, बॅकग्राउंड चेक, ड्रग टेस्ट, लसी असं सगळं धरून माझे साडेअकरा हजार डॉलरच्या आसपास गेले. मालक शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत देत असेल तर त्यावर टॅक्स लागत नाही, बऱ्याच नर्सिंग होमवाल्यांकडे अशी स्कीम असते पण ते आपणहून सांगत नाहीत, एचआरला जाऊन विचारा. मात्र कागद वाचून सही करा, बहुतेक ठिकाणी नंतर वर्ष-दोन वर्षं तिथेच राहायचं नाहीतर पैसे परत अशी अट असते. ग्रीन कार्ड असेल तर फॅफ्सा (शिक्षणासाठी सरकारी मदतीचा अर्ज) भरता येतो, आम्ही पहिल्या वर्षी भरलाच नाही, आम्हाला कोण देणार म्हणून. चूक झाली.

भारतातल्या डिग्रीबद्दल खूप जणी विचारतात. माझी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी आहे. डब्ल्यूईएसकडून (परदेशी डिग्र्या तपासणारी संस्था) इव्हॅल्युएशन करून घेतलं, कॉलेजनं इंग्रजी आणि स्टॅटिस्टिक्स धरलं, पण मायक्रोबायोलॉजीच धरली नाही कारण त्यांना सायन्सचे विषय सात वर्षांच्या आतले पाहिजेत. वाईट वाटलं होतं. पुन्हा सगळं केलं, ॲनाटॉमी फिजिओलॉजी एक आणि दोन, मायक्रो, लॅबसकट, कामावरून येऊन संध्याकाळी. त्यातच दीड वर्ष गेलं, म्हणजे सतरा महिन्यांचा कोर्स म्हणतात तो मला तीन वर्षांना पडला. आई पुण्याहून फोनवर म्हणायची, अगं किती वर्षं शिकणार तू, आणि दर परीक्षेच्या दिवशी तिकडे देवापुढे दिवा लावून बसायची.

कॉलेज निवडताना दोन गोष्टी मात्र स्वतः तपासा. एक, स्टेट बोर्डाची मान्यता आणि त्याशिवाय एसीईएनसारख्या नर्सिंग कोर्स तपासणाऱ्या संस्थेचं ॲक्रेडिटेशन, दोन्ही. नुसती बोर्डाची मान्यता असली तर परीक्षेला बसता येतं पण पुढे बीएसएन (नर्सिंगची बॅचलर डिग्री) करायला गेलात की बऱ्याच ठिकाणी अडतं. दोन, पहिल्या प्रयत्नात एनक्लेक्स पास होणाऱ्यांची टक्केवारी, ती बोर्डाच्या साइटवर कॉलेजवार असते, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. आणि कुणी क्लिनिकल नको, थोडे जास्त पैसे द्या, काही महिन्यांत डिग्री असं म्हणालं तर तिथून उठून या. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या शाळांनी ७,६०० हून जास्त खोट्या नर्सिंग डिग्र्या विकल्याचं फेडरल सरकारनं उघड केलं, ऑपरेशन नाइटिंगेल नावानं, आणि त्यात अडकलेल्या बऱ्याच जणांची लायसन्स गेली. घेणारे बरेचसे आपल्यासारखेच, काम करून थकलेले लोक असणार. मला राग येतो तो विकणाऱ्यांचा.

एनक्लेक्सची तयारी कोर्समध्येच शेवटच्या सेमिस्टरला घेतली आणि ती उत्तम होती, तीन दिवस पूर्ण वेळ, वेगळे पैसे नाहीत. एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं रूप बदललंय, एका केसवर सहा प्रश्न येतात, आधी काय खुपतंय ते ओळखा, त्याचा अर्थ लावा, महत्त्वाचं ठरवा, काय करता येईल, काय कराल, आणि केल्यावर फरक पडला का. म्हणजे तो ट्रान्झिशनवाल्या मॅडमचा फळाच. माझी परीक्षा ८५ प्रश्नांना बंद झाली, तेवढे कमीत कमी असतात, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. स्क्रीन बंद झाली तेव्हा पोटात खड्डा पडला. दोन दिवसांनी आठ डॉलरला पाच सेंट कमी भरून निकाल बघितला, मुलीला जवळ घेऊन.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक स्टार शेड्यूलचा आणि ओबीचा मिळून कापला. शिकवण्याला पाचपैकी पाच. ज्यांची मॅनेजर शनिवार लेखी द्यायला तयार आहे, घरात स्वयंपाक आणि मुलांची शाळा बघणारं दुसरं माणूस आहे, त्यांनी डोळे झाकून घ्यावा. माझ्या नवऱ्यानं सतरा महिने डबे केले, वेण्या घातल्या. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी सोडून देऊ नका, पण ही बॅच न घेता एका वेळी एक विषय अशी सावकाश चालणारी पार्ट टाइम बॅच शोधा, काही कॉलेजांत असते.

टीईएएस (नर्सिंग कोर्सची प्रवेशपरीक्षा) कोर्सच्या अर्जाआधी निदान चार महिने देऊन टाका, म्हणजे पुन्हा द्यायला वेळ राहतो. १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं, सायन्सचा भाग सगळ्यात जड, इंग्रजीला आपण उगाच घाबरतो. माझी डोसेजची वही आता माझ्या हॉलवर नाइट करणाऱ्या एका नेपाळी मुलीकडे आहे, तिची टीईएएस ऑगस्टमध्ये आहे, त्यामुळे ती वही मागू नका, फोटो हवे असतील तर तिला विचारून पाठवते.